लावणीचा ताप आणि डॉक्सीची गोळी

पाऊस लागला की सिंधुदुर्गात, रत्नागिरीत चिखलणी सुरू होते. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत माणसं अनवाणी पायांनी मळ्यातल्या पाण्यात. त्याच पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून येतो लेप्टोस्पायरा हा जीवाणू, लेप्टोस्पायरोसिस म्हणजे लेप्टोचा ताप आणणारा. पायाला भेग असो, बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असोत, त्याला तेवढी वाट पुरते.

बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत ताप भरतो. डोकं ठणकतं, डोळे लाल होतात, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत. घरचे म्हणतात, लावणीची अंगदुखी आहे, जाईल. औषध लवकर सुरू होणं सगळ्यात गरजेचं असतं, ते दिवस नेमके असे निघून जातात.

हे औषध महागही नाही. डॉक्सीसायक्लिन. आजार सौम्य असेल तर मोठ्या माणसाला साधारणपणे १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी डॉक्टर बहुधा दुसरं औषध निवडतात. म्हणून शेजारणीच्या डब्यातली उरलेली पट्टी आपल्या घरात चालत नाही. पट्टीवर उभी लाल रेघ दिसते ना? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ. डेंग्यूचा तापही याच दिवसांत येतो, आणि तो विषाणूचा. त्याच्यावर ही गोळी काहीच करत नाही. आधी रक्त तपासायला हवं ते यासाठी.

आता एक गोष्ट, जिच्यात फार गल्लत होते. जिथे धोका जास्त, तिथे शेतात उतरणाऱ्यांना आरोग्य खातं हीच गोळी आठवड्यातून एकदा देतं. ती प्रतिबंधासाठी. ती घेतली म्हणून लेप्टो होणारच नाही असं नाही. ताप आला तर ‘गोळी घेतलीय की’ म्हणून घरी थांबू नका. आरोग्य केंद्रात जा, आणि मळ्यात उतरत होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

गोळी बसून घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर, आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यावर गिळून लगेच झोपलं तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. पोटात मळमळत असेल तर आधी पेज घ्या. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांच्यासोबत हे औषध अंगात नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे कितीतरी बायका लोहाच्या गोळ्या घेतात, पण डॉक्टरांपुढे त्याचा उल्लेख राहून जातो. या गोळ्या चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते, तेव्हा उघडीप पडली की अंग झाकून घ्या.

दोन दिवसांत बरं वाटायला लागलं तरी सांगितलेले दिवस गोळ्या पुऱ्या करा.

आणि गोळ्या चालू असताना लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, धाप लागली किंवा थुंकीत रक्त आलं, तर पुढच्या गोळीची वेळ बघत बसू नका. १०८ ला फोन करा. अशा रुग्णाला शिरेतून औषध द्यावं लागतं, आणि ते रुग्णालयातच होतं.