गॅरीचा गेडी झाला त्याची गोष्ट

नमस्कार मंडळी. इथे परदेशात आल्यावर तुमच्यापैकी किती जणांची नावं आखूड झाली? बरेच हात वर आले! मग कॅनडाच्या ‘रश’ या रॉक बँडची सुरुवात तुम्हाला परकी वाटायची नाही.

ही टोरंटोच्या उत्तरेकडच्या विलोडेलची पोरं. १९६८ मध्ये एका चर्चच्या तळघरात त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. गिटारवाला ॲलेक्स मूळचा झिवोयिनोविच, सर्बियन घरातला. आडनावाच्या अर्थाचंच इंग्रजी करून तो ‘लाइफसन’ झाला. बास वाजवत गाणारा होता गॅरी. त्याची आई पोलंडची, नाझी छळछावण्यांतून वाचून आलेली. ती ‘गॅरी’ म्हणायची ते मित्रांना ‘गेडी’ ऐकू यायचं. चिडवता चिडवता तेच नाव चिकटलं. आपल्या उच्चारांवर हसणारी आपली कार्टी आठवली ना?

१९७१ मध्ये त्यांच्या ऑन्टारिओ प्रांतानं दारू पिण्याचं किमान वय २१ वरून १८ वर आणलं. आईबापांना काय वाटलं असेल ते असो, शाळांच्या डान्सपुरता असलेला हा बँड आता बारमध्ये वाजवू लागला. रेकॉर्ड कंपन्या मात्र दारात उभं करेनात. मग ‘मून रेकॉर्ड्स’ हे घरचंच लेबल काढून १९७४ मध्ये पहिला अल्बम आणला. तो उचलला कोणी? सीमेपलीकडच्या, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडनं! तिथल्या रेडिओवर डॉना हॅल्पर यांनी ‘वर्किंग मॅन’ लावलं. कारखान्यांचं शहर आणि राबणाऱ्या माणसाचं गाणं, फोन थांबेनात. मग मर्क्युरी कंपनीनं करार केला.

अमेरिकेचा दौरा तोंडावर आणि ड्रमर जॉन रट्सी बाहेर पडला. त्याच्या जागी आला नील पीअर्ट, वडिलांकडे शेतीयंत्रांचे सुटे भाग विकणारा. २९ जुलैला तो बँडमध्ये आला आणि १४ ऑगस्टला पिट्सबर्गच्या मोठ्या प्रेक्षागारात हजारोंसमोर बसला. मध्ये जेमतेम दोन आठवडे! आपल्या गणपतीतल्या नाटकाला याहून जास्त तालमी होतात, तरी प्रॉम्प्टर लागतोच.

पुढे तिसरा अल्बम आपटला, मग १९७६ मध्ये ‘२११२’ या अल्बमनं तारलं. ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला आठवते ती गेडीची आई. नवरा लवकर गेला, दुकान तिनंच चालवलं. पोरानं शाळा सोडली तेव्हा तिच्या जिवाला किती लागलं असेल! पण पहिला अल्बम आला तेव्हा तिनं दुकानात पोस्टर लावले, आणि ज्या मुलांकडे पैसे नव्हते त्यांना रेकॉर्ड फुकट देऊन टाकली.