कूलरच्या टाकीतला चतुर

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात आपल्या नागपुरातल्या मैदानांवर चतुर घिरट्या घालतात, पोरं ज्यांना हेलिकॉप्टर म्हणतात तेच. हा शिकारी आधी पाण्यात वाढतो आणि वयाबरोबर त्याचं खाणं बदलतं. तोंड वाढतं तसा घास वाढतो. ध्यानात ठेवा, तोंड वाढतं तसा घास वाढतो.

मी सातवीत होतो. महाल भागातल्या आमच्या घरी कूलर उतरवून अंगणात ठेवलेला. त्याच्या बाजूच्या टट्ट्या वाळ्याच्या, बरं का! लाकडाच्या भुशाला तो वास नाही, आणि वाळ्याशिवाय मे महिना काढायचा म्हणजे अन्यायच. तर टाकीत पावसाचं पाणी साचलं. एक चतुर आला आणि पाण्याला शेपटी लावून लावून गेला. आजी म्हणाली, "बापू, फेक ते पानी, मच्छरं होऊन राहिले." आजीचं खरंच होतं. डास आठ-दहा दिवसांत उडतो, चतुराला दीड-दोन महिने लागतात. टाकी दर आठवड्याला कोरडी कराच. मी पाणी फेकलं, पण एक बरणी भरून ठेवली.

काही दिवसांनी बरणीत सात किडे दिसले, चतुराची पिल्लं, मोहरीएवढी. पाण्यातले पांढरे ठिपके, म्हणजे पाणपिसवा, तेवढ्याच ते धरायचे. डासाच्या अळ्या टाकल्या, तर त्या शेजारून वळवळत जायच्या, कोणी हात लावेना. पंधरा दिवसांनी त्याच अळ्या फस्त! हनुवटीखाली दुमडलेला ओठ झटक्यात पुढे यायचा, अळी गायब. मग आला तान्हा पोळा. लाकडी बैल सजवण्यात दोन दिवस अळ्या टाकायच्या राहिल्या. परत पाहिलं तर सातातला एकच उरलेला, फुगलेला. "भावंडं खाल्ले मेल्यानं!" आजी म्हणाली. पुढे त्याने बेडकाचं पिल्लू धरलं, जवळजवळ स्वतःएवढं. तोंड वाढतं तसा घास वाढतो, तो असा.

एका पहाटे तो बरणीतल्या केरसुणीच्या काडीवर चढला. पाठ उकलली, ओले पंख बाहेर आले. ऊन चढल्यावर उडाला. आता पाण्यातलं काहीच त्याला नको. हवेतले डास आणि माश्या, त्याही सहा पायांची टोपली करून उडता उडता पकडायच्या. काडीवर त्याची रिकामी साल चिकटून राहिली. ती काडी आजीने केरसुणीत परत खोचू दिली नाही.