पिंजऱ्याच्या आत करोना

वाघाच्या नाकातला स्वॅब घ्यायचा, तर आधी त्याला भूल द्यावी लागते. आजारी जनावराला भूल देणं धोक्याचं, म्हणून असा निर्णय कोणी सहजासहजी घेत नाही.

एप्रिल २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात तो घ्यावा लागला. नादिया ही ४ वर्षांची मलायन वाघीण कोरडं खोकत होती. तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. बाकीच्यांना भूल न देता त्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले गेले. आकडा झाला ५ वाघ आणि ३ सिंह.

प्राणिसंग्रहालय तर मार्चपासून बंद होतं. प्रेक्षक नव्हतेच. मग संसर्ग आला कुठून? देखभाल करणाऱ्या माणसांकडून. त्यांच्यात लक्षणंही दिसत नव्हती. दोष कोणाला द्यायचा? खाणं घालणारा, औषध देणारा माणूस जवळ जाणारच.

हा विषाणू पेशीवरच्या ‘एसीई-२’ या प्रथिनाला चिकटून आत शिरतो. मार्जारकुळातल्या प्राण्यांमध्ये आणि वानरांमध्ये हे प्रथिन माणसातल्या प्रथिनाशी बरंच जुळतं. जानेवारी २०२१मध्ये सॅन दिएगोच्या सफारी पार्कमध्ये गोरिलांना लागण झाली, ती त्यामुळेच अनपेक्षित नव्हती. त्यांच्यातला वयस्कर नर विन्स्टन याला प्रतिपिंडांचं औषध दिलं गेलं. तो सावरला.

सगळे सावरले नाहीत. जून २०२१मध्ये चेन्नईजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयात ९ वर्षांची सिंहीण नीला दगावली, त्याच महिन्यात १२ वर्षांचा एक सिंहही गेला. तिथल्या सिंहांच्या नमुन्यांत भोपाळच्या प्रयोगशाळेला डेल्टा प्रकार सापडला. त्या वेळी देशभर माणसांत पसरलेला तोच. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत नेब्रास्कातल्या प्राणिसंग्रहालयाने ३ हिमबिबटे गमावले.

जंगलातला प्राणी माणसाची चाहूल लागताच दूर जातो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला ती सोय नाही. अंतर राखायचं ते आपणच.

लस आली आहे. सॅन दिएगोत वानरांना ती २०२१मध्येच टोचली गेली, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने २०२२मध्ये ‘अँकोव्हॅक्स’ ही प्राण्यांसाठीची लस आणली. ती हवीच. पण तेवढ्यावर भागणार नाही. पिंजऱ्याजवळ काम करणाऱ्याला मास्क आणि हातमोजे मिळायला हवेत, वेळच्या वेळी त्याची चाचणी व्हायला हवी, आणि ताप आला तर पगार न कापता घरी राहण्याची मुभा हवी. नाहीतर पोटासाठी तो खोकतखोकत कामावर येईल.