पापांजी, हत्ती आणि दांडिया बाजारची दोन मुलं

[दृश्य: वडोदरा स्टेशन. बाकावर आजी, पायाशी थेपल्यांचा डबा. मुलांच्या अंगात स्वेटर.]

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. फोर्ट कोचीचं नववर्षाचं कार्निव्हल बघायला निघालेलं, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं एक मराठी कुटुंब ओखा-एर्नाकुलम एक्स्प्रेसची वाट बघत फलाटावर बसलंय. आई, बाबा, आजी, दहा वर्षांची मोठी आणि सहा वर्षांचा धाकटा. कोकण रेल्वेने एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवस, की मग कोची. स्वेटर पनवेलच्या पुढे बॅगेत जातात ते परतीपर्यंत तिथेच राहतात.

[दृश्य: फोर्ट कोचीतलं छोटं हॉटेल. टेबलावर पाण्याचे पेले.]

इथे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर, आणि हवा इतकी दमट की वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. धाकटा पाण्याचा पेला बघून बिचकतो. पाणी गुलाबी! ‘आई, हे सरबत आहे का?’ नाही. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं हे पिण्याचं पाणी, केरळात सर्रास मिळणारं. आई आधी एक घोट घेऊन दाखवते. मग हा डोळे गच्च मिटून पितो, आणि लगेच दुसरा पेला मागतो.

[दृश्य: कागदी चांदण्या लावलेल्या गल्ल्या, बैठी जुनी घरं.]

पोर्तुगीजांनी 1503 मध्ये इथे किल्ला बांधला. 1663 मध्ये डच आले, त्यांच्या मागून इंग्रज. नववर्षाच्या जल्लोषाचा पोर्तुगीज वारसा या गल्ल्यांमधून रेंगाळत राहिला. त्याला कार्निव्हलचं आजचं रूप आलं ते 1984 मध्ये. पुढचं, 1985 चं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी युवा वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, ते निमित्त धरून इथल्या तरुणांनी समुद्रकाठी उत्सव सुरू केला. आजही गल्लोगल्लीचे क्लब त्यासाठी राबतात. म्हणूनच उत्सवातली रस्सीखेच बघायला उभं राहिलात, तर शेजारचा माणूस नक्की खेळणाऱ्यांपैकी कुणाचा तरी काका निघतो.

[दृश्य: परेड ग्राउंड. बांबूच्या सांगाड्यावर कापड चढतंय.]

हा पापांजी. कोट, हॅट, पांढरी दाढी, युरोपियन थाटाचा म्हातारा. उंची दोन-तीन मजली घराएवढी. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री याला पेटवतात. धाकट्याने वडोदऱ्याच्या पोलो ग्राउंडवरचं रावणदहन बघितलंय, त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

‘आजी, याने काय केलं होतं?’

‘काही नाही रे. सरलेलं वर्ष आहे ते.’

‘मग फक्त म्हातारा झाला म्हणून जाळायचं?’

आजी पदर तोंडाला लावून हसत सुटते. उत्तर तिच्याकडेही नाही.

आमचं मत विचाराल तर लहान मुलांना पापांजी दिवसाउजेडी, असा उभा राहताना दाखवावा. मध्यरात्रीच्या नादी लागू नये. 2022 च्या 31 डिसेंबरला इथे अशी गर्दी उसळली होती की चेंगराचेंगरी थोडक्यात टळली. तेव्हापासून बंदोबस्त कडक झाला, पण गर्दी काही कमी झालेली नाही. कडेवर पेंगुळलेलं मूल आणि चहूकडून धक्के, यात कसला आलाय उत्सव! हे कुटुंब त्या रात्री दहालाच झोपतं. त्याआधी वेली मैदानावरचं दिव्यांनी मढवलेलं रेन ट्रीचं झाड बघून येतं, बस्स.

[दृश्य: चिनी जाळी. पहाट.]

सकाळी मात्र किनारा मुलांचा. सागवानी वासे आणि बांबूंवर तोललेली ही मासे पकडायची जाळी पाण्यात उतरवायची आणि पुन्हा उचलायची, त्याला चार-सहा माणसं लागतात. मागच्या दोरांना ओळीने दगड बांधलेत, तेच वजन जाळं वर खेचायला मदत करतं. एक कोळी धाकट्याला खुणेने बोलावतो. दोर त्याच्या मनगटाहून जाड, खारट, ओला. सगळ्यांबरोबर तोही मागे रेलतो. जाळं वर येतं, त्यात मूठभर मासे आणि भरपूर जलपर्णी. ‘एवढंच?’ कोळी खांदे उडवतो.

या जलपर्णीमुळे आणि पाण्याच्या ओढीमुळे इथे मुलांना पोहायला सोडण्यात अर्थ नाही. त्यासाठी पलीकडे वायपीन बेटावर चेराईचा किनारा आहे. फोर्ट कोचीत वाळूवरचे खेळ बघावेत. ‘गट्टा गुस्ती’ नावाची इथली कुस्ती लागली, की मोठी जागची हलत नाही. ती वडोदऱ्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब करते, त्यामुळे पकडींवर तिची स्वतःची टीकाटिप्पणी चालू असते.

[दृश्य: मट्टांचेरी, गुजराती रोड.]

एक दुपार मट्टांचेरीत. कच्छ-सौराष्ट्रातून व्यापारासाठी आलेली घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, जैन मंदिर आहे, शाळा आहे. दुकानातून ‘आवो, बेसो’ ऐकू आल्यावर आजीला आपल्या वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात आल्यासारखं वाटतं, आणि मिरीच्या भावावरून घासाघीस रंगते.

[दृश्य: 1 जानेवारी, दुपार. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं.]

आणि आता ज्यासाठी यायचं, ती मिरवणूक. वेलीहून निघते, परेड ग्राउंडवर पोचते. पुढे झूल घातलेला हत्ती. मागे पंचवाद्यांचा ताफा, मग चेंडा म्हणजे केरळी ढोल, मग सोंगंच सोंगं: राक्षस, पऱ्या, साडी नेसून ठुमकणारे मिशीवाले बाप्ये, आणि गावच्या कारभाराला चिमटे काढणारे चित्ररथ. मल्याळम पाट्या वाचता येत नाहीत, पण शेजारचे लोक कुठे हसतात त्यावरून टोमणा कळतो. मुलांना घेऊन उन्हं चढलेली असतानाच सावलीची जागा धरा, रिकामं पोट ठेवू नका आणि लहानग्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. कुलुक्की सरबताची गाडी जवळ असेल तर आणखी काही नको. सब्जा, लिंबू, मिरची घालून पेला असा काही घुसळतात की तोही एक खेळच.

[दृश्य: वॉटर मेट्रोची जेटी. दिवे लागलेत.]

परतीला एर्नाकुलमच्या बोटीसाठी लांबलचक रांग. देशातली ही पहिली वॉटर मेट्रो, 2023 मध्ये सुरू झालेली, पण आज तिचाही इलाज चालत नाही. बाबा रांगेत. पुढे मिरवणुकीतला एक वादक, खांद्याला चेंडा तसाच. मोठी त्याला हिंदीत विचारते, एवढा वेळ वाजवून खांदा दुखत नाही का?

तो चेंडा जमिनीवर टेकवतो. ‘आज नहीं. कल दुखेगा.’