बत्तीसच्या वर स्कोअर आला, मग?

एक वाक्य वाचून दाखवतो, तुम्ही मनातल्या मनात फक्त हो की नाही ते ठरवा. "पार्टीला जाण्यापेक्षा मला लायब्ररीत जायला आवडेल."

ठरलं? आता दुसरं. "गाड्यांच्या नंबर प्लेट किंवा तसल्या आकड्या-अक्षरांकडे माझं सहसा लक्ष जातं." आणि तिसरं, "बाकीच्यांच्या लक्षात येत नाहीत असे बारीक आवाज मला बऱ्याचदा ऐकू येतात."

तिन्हीला हो म्हणालात तर तुमच्या खात्यात ३ पॉइंट जमा झाले. अजून ४७ प्रश्न आहेत. या टेस्टचं नाव ऑटिझम स्पेक्ट्रम क्वोशंट, सगळे एक्यू म्हणतात, आणि ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, ऑनलाइन टेस्ट म्हणून जे काही फिरत असतं त्यातलं बरंचसं एकतर हीच असते नाहीतर हिच्यावरून बेतलेली कुणीतरी केलेली आवृत्ती असते, ज्यात शेवटी एक रंगीत मीटर येतो आणि तुम्ही "७८ टक्के ऑटिस्टिक" आहात असं सांगतो. टक्के वगैरे काही नसतं हो. ते मीटरवाल्याच्या डोक्यातून आलेलं असतं.

मूळ टेस्ट २००१ सालची. केंब्रिज युनिव्हर्सिटीतले सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांची टीम. ५० प्रश्न, पाच भाग, प्रत्येक भागात १० प्रश्न: लोकांत मिसळणं, लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवणं, बारीकसारीक तपशील टिपणं, बोलणं-संवाद, आणि कल्पनाशक्ती. उत्तराला चार पर्याय असतात, पूर्ण सहमत, थोडंसं सहमत, थोडंसं असहमत, पूर्ण असहमत, आणि इथे एक गंमत आहे जी टेस्ट देणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसते, ती म्हणजे "पूर्ण" आणि "थोडंसं" याला सारखाच पॉइंट मिळतो. म्हणजे तुम्ही दहा मिनिटं डोकं खाजवत बसलात की हे आपल्याला पूर्ण लागू होतं की थोडंसंच, तर ती सगळी मेहनत हिशोबात वाया जाते.

आता आकडे बघू कारण या टेस्टचा सगळा दबदबा आकड्यांवर आहे. त्या वेळी त्यांनी ही टेस्ट आधीच ऑटिझमचं निदान झालेल्या ५८ मोठ्या माणसांना दिली, त्यांचा सरासरी स्कोअर आला ३५.८. सर्वसाधारण लोकांमधून निवडलेल्या १७४ जणांचा आला १६.४. फरक मोठाच आहे. मग त्यांनी ३२ ही रेघ ओढली, कारण निदान झालेल्यांपैकी ८० टक्के लोक ३२ किंवा त्याच्या वर होते आणि बाकीच्यांपैकी फक्त २ टक्के. त्याच अभ्यासात केंब्रिजचे ८४० विद्यार्थी पण होते, आणि सायन्सवाल्यांचा स्कोअर आर्ट्सवाल्यांपेक्षा जास्त आला, त्यातही गणितवाल्यांचा सगळ्यात जास्त. २००१ च्याच डिसेंबरमध्ये वायर्ड मासिकाने ही टेस्ट छापली आणि तिथून ती जी सुटली ती सुटलीच.

८० टक्के आणि २ टक्के. ऐकायला भारी वाटतं ना? थांबा, आपण इथे स्क्रीनवरच हिशोब मांडू.

समजा १०,००० माणसं आहेत आणि त्यातली १०० ऑटिस्टिक आहेत, म्हणजे शंभरात एक, इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांचा सर्व्हे झाला होता त्यात साधारण हेच प्रमाण आलं होतं. त्या १०० पैकी ८० जण ३२ च्या वर येतील. ठीक. आता उरले ९,९००, त्यांच्यातले २ टक्के म्हणजे १९८ जण, तेही ३२ च्या वर येणार. म्हणजे रेघेच्या वर एकूण २७८ माणसं, आणि त्यात खरोखर ऑटिस्टिक ८०. तिनात एकसुद्धा नाही. आणि हे कधी, तर टेस्ट अगदी कागदावर लिहिल्यासारखी चालली तर.

आता कुणी म्हणेल की ऑनलाइन टेस्ट काय रस्त्यावरचा कुणीही देत नाही, ज्याला आधीपासून शंका असते तोच देतो, मग प्रमाण शंभरात एक कसं धरलं? बरोबर आहे, मुद्दा मान्य. शंका असलेल्यांमध्ये ऑटिस्टिक माणसं जास्त असणारच. पण खरी अडचण तिथेच सुरू होते.

काय होतं बघा, भर गर्दीत उंच माणसं शोधायची तर उंचीवरून बास्केटबॉल खेळणारे थोडेफार ओळखता येतील. पण सगळे सहा फुटीच बसलेत अशा खोलीत जाऊन उंचीवरून कोण बास्केटबॉल खेळतो ते सांगा. नाही सांगता येणार. क्लिनिकच्या दारात येणारी माणसं अशीच असतात. लोकांत मिसळताना दमछाक होणारी, आवाज-गर्दी नको वाटणारी, ठरलेलं बदललं की बिथरणारी. त्यातल्या कुणाला सोशल अँग्झायटी असते, म्हणजे लोकांसमोर जायची भीती, कुणाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, कुणाला ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबत नाहीत, कुणी लहानपणी बरंच सोसलेलं असतं, आणि कुणी ऑटिस्टिक असतं, आणि एकाच माणसाला यातलं दोन-तीन एकत्र असणं हे तर अगदी कॉमन आहे. टेस्टमध्ये सगळ्यांची उत्तरं सारखीच दिसतात. पार्टी नको वाटते, हो. पण का नको वाटते? लोक आपल्याला नावं ठेवतील म्हणून, की चार जण एकदम बोलायला लागले की कुणाचंच धड ऐकू येत नाही म्हणून, की मुळात त्यात मजा काय हेच कळत नाही म्हणून? तो "का" टेस्ट विचारतच नाही.

हे नुसतं म्हणायला नाही, तपासून झालंय. एक्यूची एक छोटी आवृत्ती आहे, १० प्रश्नांची, २०१२ सालची, त्यात ६ किंवा वर आलं तर पुढे तपासणीला पाठवावं असा विचार करा असं ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी गाइडलाइन काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये आहे. २०१६ मध्ये तिथल्याच एका अभ्यासात, ऑटिझमच्या तपासणीसाठी पाठवलेल्या ४७६ मोठ्या माणसांचे स्कोअर आणि नंतर झालेलं निदान शेजारी शेजारी ठेवून बघितलं. रेघेच्या वर आलेल्यांपैकी साधारण ७६ टक्के ऑटिस्टिक निघाले. वा. आणि रेघेच्या खाली आलेल्यांपैकी? ६४ टक्के.

परत सांगतो, खाली आलेल्यांपैकी ६४ टक्के. म्हणजे ज्यांना टेस्ट म्हणाली की तुम्हाला काही नाही, घरी जा, त्यातले निम्म्याहून जास्त लोक ऑटिस्टिक होते. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याबद्दलच कुणी बोलत नाही, कारण सगळी ओरड असते ती "आजकाल ज्याला त्याला ऑटिझम" या बाजूने. स्कोअर जास्त आला म्हणून उगाच घाबरलेला माणूस निदान कुणाला तरी विचारायला जातो. कमी आला तो गप्प बसतो.

दुसरी गाजलेली टेस्ट म्हणजे राड्स-आर. ही २०११ ची, रिट्वो आणि सहकाऱ्यांची, ८० प्रश्न, स्कोअर २४० पर्यंत जातो आणि ६५ ही रेघ. हिच्यात एक चांगली गोष्ट अशी की प्रत्येक वाक्याला "आत्ताही आणि लहानपणीही", "फक्त आत्ता", "फक्त १६ वर्षांच्या आधी", "कधीच नाही" असे पर्याय आहेत, म्हणजे लहानपणाबद्दल विचारते तरी. पहिल्या अभ्यासात हिचे आकडे इतके सुंदर आले की संशयच यावा: ऑटिस्टिक माणसांपैकी ९७ टक्के पकडली आणि बाकीच्यांपैकी एकालाही चुकून ऑटिस्टिक म्हटलं नाही. पण त्या अभ्यासात माणूस टेस्ट देत असताना समोर तज्ज्ञ बसलेला होता, प्रश्न कळला नाही तर विचारायला. तुमच्या-आमच्या समोर फोन असतो. २०२१ मध्ये क्लिनिकमध्ये तपासणीला आलेल्या ५० जणांवर हीच टेस्ट लावून बघितली तर ज्यांना नंतर ऑटिझमचं निदान झालं नाही त्यांच्यापैकीही जेमतेम ३ टक्के लोक रेघेच्या खाली आले. म्हणजे जवळजवळ सगळेच वर. ५० जण म्हणजे लहान अभ्यास आहे हे खरं, पण शंभर टक्क्यांवरून तीन टक्के ही घसरगुंडी नुसत्या नशिबाने होत नाही.

आणि कॅट-क्यू, ती २५ प्रश्नांची २०१९ ची, तिच्याबद्दल तर एवढंच की ती ऑटिझमची टेस्टच नाही. स्वतःचं वेगळेपण लोकांपासून किती लपवता, म्हणजे ज्याला मास्किंग म्हणतात, ते ती मोजते. ज्यांना ऑटिझम नाही तेही थोडंफार मास्किंग करतातच. तरी लोक तिचा स्कोअर टाकून विचारतात, "मग मी आहे का?"

मास्किंगवरून आठवलं, एक्यूमध्ये एक वाक्य आहे की "मला गप्पागोष्टी करायला आवडतात", आणि इथे पॉइंट "नाही" म्हटलं तर मिळतो. आता ज्या बाईने शाळेपासून बाकीच्या मुलींचं बघून बघून हसायचं कधी, मान डोलवायची कधी, कुणाला काय विचारायचं हे सगळं पाठ केलंय आणि ते आता अंगवळणी पडलंय, ती काय उत्तर देणार? जमतं तर आहे. घरी आल्यावर तीन तास अंधारात पडून राहावं लागतं हे कुठे लिहायचं, त्याला रकानाच नाही. "समोरच्याचा चेहरा बघून त्याच्या मनात काय चाललंय ते मला सहज कळतं", याचंही तसंच. ज्याला कळत नाही त्याला आपल्याला कळत नाही हे कळायला पाहिजे ना आधी.

शिवाय टेस्ट जुनी झालीय. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं डीएसएम-५, म्हणजे निदानाचे निकष ठरवणारं पुस्तक, आलं २०१३ मध्ये, आणि त्यात पहिल्यांदा आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा अति त्रास किंवा उलट त्याची जाणीवच कमी असणं हे ऑटिझमच्या निकषांमध्ये आलं. एक्यू त्याच्या १२ वर्षं आधीची. तिच्यात बारीक आवाज ऐकू येतात का एवढं आहे, पण तो आवाज सहन होत नाही का, हे नाही. राड्स-आरमध्ये मात्र या गोष्टींचे भरपूर प्रश्न आहेत.

मग निदान करताना काय बघतात? रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही, त्यामुळे तिथेही शेवटी माणसानेच माणसाकडे बघून ठरवायचं असतं हे आधी मान्य करू. पण बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. लोकांशी देवाणघेवाण, हावभाव-नजर वगैरे शब्दांशिवायचा संवाद, आणि नाती जोडणं-टिकवणं, या तिन्ही ठिकाणी अडचण पाहिजे. त्याच त्याच हालचाली, ठरलेल्या पद्धतींचा हट्ट, एखाद्याच विषयाचं जबरदस्त वेड आणि ते संवेदनांचं, या चारपैकी किमान दोन पाहिजेत. याची सुरुवात लहानपणापासून पाहिजे, भले तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसेल. रोजच्या जगण्यात, नोकरीत, नात्यात खरोखर अडथळा येत असला पाहिजे. आणि दुसऱ्या कशाने याचा जास्त चांगला उलगडा होत नाही ना, तेही बघायचं. यासाठी लांबलचक मुलाखत असते, एडॉस नावाची एक पद्धत असते ज्यात समोर बसवून ४० मिनिटं ते तासभर ठरलेल्या गोष्टी करायला देतात, गप्पा मारतात आणि निरीक्षण करतात, शक्य असेल तर आई-वडिलांशी किंवा मोठ्या भावंडांशी बोलतात. एडॉसही चुकते बरं का, विशेषतः मास्किंग पक्कं झालेल्यांच्या बाबतीत, म्हणून चांगला तज्ज्ञ नुसत्या तिच्या स्कोअरवर निर्णय देत नाही.

अडथळ्याचा मुद्दा मला जरा थांबून सांगायचाय. २००१ च्या त्या पहिल्या अभ्यासात जास्त स्कोअर आलेल्या काही विद्यार्थ्यांना बोलावून त्यांच्याशी बोलले होते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांमध्ये लक्षणं दिसली, पण त्यांची तक्रार काही नव्हती, आयुष्य बरं चाललं होतं. टेस्ट करणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की ही निदानाची टेस्ट नाही. ते वाक्य कुठल्या मीटरखाली येत नाही.

आणखी एक. टेस्ट देण्याआधी आपण काय बघून आलेलो असतो? २०२३ मध्ये टिकटॉकवरचे ऑटिझमबद्दलचे सगळ्यात जास्त बघितले गेलेले माहितीचे १३३ व्हिडिओ तपासले गेले, त्यात २७ टक्के बरोबर होते, ४१ टक्के चूक, आणि ३२ टक्के असे की एकाचा अनुभव सगळ्यांना लावून टाकलेला. असे पन्नास व्हिडिओ बघून मग टेस्ट दिली की कुठल्या उत्तराला पॉइंट आहे ते वाचताक्षणी कळतं, आणि आपण मुद्दाम खोटं लिहीत नसलो तरी हात तिकडेच जातो. हा व्हिडिओ पण त्यात धरा, सुरुवातीलाच तीन प्रश्न फोडले मी.

म्हणून टेस्ट देऊच नका असं मी अजिबात म्हणणार नाही. तपासणी महाग असते, वाट खूप बघावी लागते, मोठ्या माणसांचं निदान करणारे तज्ज्ञ कमी, आणि कितीतरी जणांच्या बाबतीत पहिल्यांदा काही उमगलं ते अशाच एखाद्या टेस्टमुळे. स्वतःला ऑटिस्टिक म्हणवून घेणाऱ्याला कुणी सर्टिफिकेट मागत बसू नये असंही माझं मत आहे, त्या समजुतीने त्याचं जगणं सोपं होत असेल तर बाकीच्यांचं काय जातं. फक्त नोकरीत किंवा परीक्षेत सवलत हवी असेल, किंवा औषध चालू करायचं असेल, तिथे स्कोअर चालणार नाही. आणि आपण ज्याला ऑटिझम समजतोय ती अँग्झायटी असेल तर तिच्यावर उपचार आहेत, ते राहून जाऊ नयेत.

तज्ज्ञाकडे जाणार असाल तर स्कोअरचा स्क्रीनशॉट न्या हवं तर, पण त्यापेक्षा ते प्रश्न परत उघडा आणि ज्या ज्या ठिकाणी "अवलंबून आहे" असं म्हणावंसं वाटलं ते उतरवून काढा. कशावर अवलंबून, कधी, कुणासोबत, नंतर किती थकवा आला, लहानपणी हेच कसं होतं, तेव्हा घरचे काय म्हणायचे. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर तीही, कारण त्यात मार्कांच्या खाली बाईंनी शेरा लिहिलेला असतो, "वर्गात मिसळत नाही" किंवा "हुशार आहे पण स्वतःच्याच नादात असतो", आणि तपासणाऱ्याला तो शेरा ३२ आणि ६५ पेक्षा जास्त कामाचा असतो.