लांबच्या वाटेनं लवकर

नमस्कार, श्रोतेहो. लेक-जावई किंवा नातवंडं कॅलिफोर्नियात आहेत, अशी घरं आता सांगली-साताऱ्यातही गल्लोगल्ली सापडतात. तिकडच्या तिकिटावर प्रवासाची वेळ दिसते, अंतर नाही. ते बरंच आहे म्हणायचं, कारण अंतरावरून हिशेब केला तर चुकायचीच शक्यता जास्त. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हाच मार्ग बघा.

पृथ्वीच्या गोलावर या दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला, तर तो हिमालय आणि तिबेट ओलांडून सैबेरियात शिरतो, आर्क्टिक महासागरावरून जातो आणि अलास्कामार्गे खाली येतो. लांबी सुमारे 12,400 किलोमीटर. पण तिबेटवरून जायला वैमानिक नाखूष असतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमान झटपट खाली आणावं लागतं, आणि तिथं खाली पठारच इतकं उंच!

एअर इंडियानं 2015 च्या डिसेंबरमध्ये ही थेट सेवा सुरू केली, ती युरोप आणि अटलांटिकवरून. अंतर साधारण 13,900 किलोमीटर, वेळ साडेसोळा तासांच्या आसपास. पुढे ऑक्टोबर 2016 मध्ये विमान उलट्या दिशेनं, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं आणि वेळ? साडेचौदा तास. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही दोन तास आधी!

ही सगळी करामत वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरकस पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत जातो. विमान हवेतून ताशी नऊशेच्या आसपासच वेगानं जात असतं, पण ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीच्या हिशेबानं वेग हजारापलीकडे जातो. पुराच्या पाण्याबरोबर पोहणाऱ्याचं होतं, तसंच. म्हणून मार्ग कायमचा ठरलेला नसतो. त्या दिवशीचा वारा पाहून तो आखतात. आणि वाऱ्याइतकंच राजकारणही आडवं येतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला.

तारखेचं मात्र आधीच समजून घ्या, नाहीतर विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांची पंचाईत होते. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे चारला दिल्लीहून निघून साडेचौदा तासांनी उतरलात, तर तिथं रविवारचेच सकाळचे सहा वाजलेले असतील. परतताना रविवारी सकाळी दहाला निघालात आणि सोळा तास लागले, तर दिल्लीत सोमवारची दुपार, अडीच वाजलेले. गाडी सांगताना वार सोमवार सांगा.