‘पिक्चर कसो हा?’

(देवगडजवळच्या एका वाचनालयात झालेलं हे व्याख्यान थोडं संपादित करून देत आहोत.)

मंडळी, मी काही समीक्षक नव्हे. माझं पत्रे, पाइप आणि रंगाचं दुकान. मृग लागला की गिऱ्हाईक आटतं आणि काउंटरवर पिक्चरच्या गजाली सुरू होतात. आज बोलायला उभा आहे तो त्याच भांडवलावर.

आमच्याकडे प्रश्न ठरलेला, ‘पिक्चर कसो हा?’ उत्तरंही दोनच. ‘बरो हा’, नाहीतर ‘काय्येक नाय’. या दोन उत्तरांपायी माझे जेवढे पैसे बुडाले, तेवढे उधारीतसुद्धा बुडाले नसतील. ‘बरो हा’ म्हणणारा गाण्यावर खूश झाला, की बाहेर उकडत होतं आणि थेटरात एसी होता म्हणून, हे कसं कळायचं? मोबाइलवरचे चार तारे, साडेतीन तारे त्याच जातीचे. अर्धा तारा कुठे सांडला ते कोणी सांगत नाही.

पण दुसऱ्यांना कशाला बोलू? माझाच गुन्हा सांगतो. ‘श्वास’ आला 2004 साली. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं, सिनेमा ऑस्करला गेला, आणि गोष्ट आपल्या कोकणातल्या आजोबांची. मी ज्याला-त्याला सांगत सुटलो. आतेलाही सांगितलं, ‘बघ गो, आपल्याकडचो हा.’ आणि वर्षभरानं टीव्हीवर लागला तेव्हा तिला समोर बसवलं. आता ‘श्वास’मध्ये काय आहे? नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर, आजोबा त्याला पुण्याला नेतात, आणि जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. आतेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर होतं! ती जी बिथरली, ती सहा महिने डॉक्टरच्या पायरीला शिवली नाही. माझ्या बापसानं मला जे शब्द ऐकवले, ते वाचनालयात उच्चारण्यासारखे नाहीत.

सिनेमा उत्तमच होता. मी फक्त समोर कोण बसलंय ते पाहिलं नव्हतं.

उलट प्रकारही झाला. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ 2015 मध्ये लागला. त्याआधी बर्लिनला मुलांच्या ज्युरीनं त्याला बक्षीस दिलं होतं. आमच्या मारामारीचे पिक्चर आवडणाऱ्या मित्रानं निकाल दिला, ‘काय्येक नाय. पोरगो सायकल चालवता आणि पाऊस पडता.’ खरं आहे, तसंच आहे. वडील गेलेला मुलगा, आईची सरकारी नोकरीतली बदली, नवं गाव. किल्ल्यावर पावसात दोस्त त्याला मागे टाकून निघून जातात, एवढीच काय ती घटना. पण हे ‘पोरगो आणि पाऊस’ दुकानात रंग घ्यायला आलेल्या एका बाईंनी ऐकलं. त्या बदलीवरच आल्या होत्या, मुलगा सातवीत. त्यांनी ‘किल्ला’ दोनदा पाहिला आणि रंगाचं बिल द्यायला आल्या तेव्हा अर्धा तास त्यावरच बोलल्या. म्हणजे शिवी देतानासुद्धा त्या गड्यानं सिनेमात काय आहे ते नेमकं सांगितलं होतं. ‘बरो हा’पेक्षा ही शिवी कामाची.

‘तुंबाड’चं तर बोलायलाच नको. 2018 मध्ये आला तेव्हा आमच्यात कोणी फारसा पाहिला नाही. मग एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असं सहा वर्षं चालू राहिलं. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा थेटरात लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई. ही जाहिरातीची करामत नव्हे, गजालींची. अर्थात आपली माणसं काय सोडतात होय! एक गवंडी म्हणाला, ‘पाऊस आपलो, पण वाडो आपलो नाय. चिरो खंय दिसता?’ चिरो म्हणजे आपला जांभा दगड. बरोबर पकडलं त्यानं. नाव खेड तालुक्यातल्या गावाचं, पण वाडा सासवडचा. भुताला घाबरायचं सोडून हा भिंती बघत बसला!

मला अशीच माणसं हवीत. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, ‘दशावतार’ आला. गणपती करून चाकरमानी नुकते परत गेले होते. मालवणी बरोबर की चूक यावर आमच्यात दोन तट, प्रभावळकरांवर मात्र एकमत. ऐंशी ओलांडलेला माणूस, आणि दशावतारी नट बाबुली मेस्त्री म्हणून उभा राहतो! आमच्यातला एक जण दशावतारात मृदंग वाजवतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘गोष्ट काय ती तुमीच सांगा. मी सगळो वेळ मृदंगवाल्याकडेच बघी होतंय.’ या उत्तरावर मी दुसऱ्यांदा तिकीट काढलं.

आतेचं राहिलंच. शेवटी ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. पुढे कधीतरी ‘श्वास’ पुन्हा टीव्हीवर लागला. मी घाईघाईनं रिमोट शोधायला लागलो, तर तिनं हात धरून खाली बसवलं. अरुण नलावडे पडद्यावर होते. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘म्हाताऱ्याचा तोंड आज बघलंय मी. तेवा नुसतो आवाजच ऐकलंय.’